आधी आवर्तन, मग सॉफ्टवेअर

घाटकोपरमध्ये वर्षभर निरनिराळे ठेके कानावर पडतात. भाद्रपदात ढोल-ताशा आणि बेंजो पथके, नवरात्रात गरब्याची सहा मात्रांची हींच, १४ एप्रिलच्या आगेमागे रमाबाई आंबेडकर नगरात भीमगीतांची ढोलकी, कोकणातून आलेल्या कुटुंबांच्या भजनी मंडळांत पखवाज आणि टाळ. हे सगळे ऐकत वाढलेल्या मुलामुलींपैकी अनेकांना आता घरच्या संगणकावर स्वतःची तालरचना करून पाहावीशी वाटते. त्यांचा पहिला प्रश्न असतो, कुठले सॉफ्टवेअर घ्यावे? मिळणारी उत्तरे ठरलेली आहेत. मोठ्या स्टुडिओत जे वापरतात ते घे, ज्यात सर्वांत जास्त आवाज आहेत ते घे, नाहीतर ओळखीच्या कुणाकडून ‘क्रॅक’ केलेली प्रत उतरवून घे. ही तिन्ही उत्तरे मला चुकीची वाटतात. नवशिक्याने आवाजांचा साठा मोजू नये. आपल्याला हवे तेवढ्या मात्रांचे आवर्तन सहज मांडता येते का, हाताचा आघात रेघेच्या किंचित आधी किंवा नंतर ठेवता येतो का आणि आपल्या गल्लीतल्या वाद्याचा आवाज त्यात भरता येतो का, एवढेच त्याने पाहावे. या कसोटीवर एक लहानसे, फुकट आणि कायदेशीर सॉफ्टवेअर महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा पहिल्या वर्षासाठी अधिक चांगले ठरते.

आवाजांच्या साठ्यापासूनच सुरुवात करू, कारण नवशिक्याची पहिली फसगत तिथेच होते. वाद्ये आणि संगणक यांनी एकमेकांशी कसे बोलावे याचा ‘मिडी’ हा करार १९८३ साली झाला. १९९१ मध्ये त्यावर ‘जनरल मिडी’ नावाची यादी आली. कुठल्या क्रमांकाला कुठले वाद्य वाजावे, हे त्या यादीने जगभर पक्के केले. तीत सतार आहे, शहनाई आहे, जपानचा ताइको ढोलही आहे. आघातवाद्यांसाठी वेगळ्या राखलेल्या ४७ आवाजांत ड्रमसेट, बोंगो, कोंगा, माराकास, त्रिकोणी घंटी, इतकेच काय शिट्टीसुद्धा आहे. तबला मात्र नाही. ढोलक नाही, मृदंग नाही, ताशा तर नाहीच. यात कुणाचा दुष्टावा होता असे नाही. यादी करणाऱ्यांच्या बाजारात जे वाजत होते ते यादीत आले. पण त्यानंतरची असंख्य सॉफ्टवेअरे आणि कीबोर्ड याच यादीच्या पायावर उभे राहिले. म्हणून घाटकोपरचा विद्यार्थी सॉफ्टवेअर उघडतो तेव्हा त्याच्या पुढ्यात पहिल्यांदा येतो तो किक, स्नेअर आणि हाय-हॅट. भारतीय आवाज मिळतात, नाही असे नाही. स्वार सिस्टिम्ससारख्या कंपन्यांनी भारतीय वाद्यांचे चांगले विकतचे संच केलेले आहेत. मात्र त्यांचा भर मुख्यतः मैफलीच्या आणि चित्रपटाच्या वाद्यांवर असतो. बेंजो पथकाचा ताशा किंवा भजनातला पखवाज त्यांतून हवा तसा मिळेल या भरवशावर नवशिक्याने पैसे घालवू नयेत.

दुसरी गोष्ट अधिक खोलवरची आहे, ती म्हणजे सोळा घरांची चौकट. रोलँड कंपनीने १९८० साली टीआर-८०८ हे तालयंत्र आणले. त्यावर सोळा बटणांची एक रांग होती, चार चारच्या गटांत रंगवलेली. १९९७ च्या अखेरीस बेल्जियममध्ये ‘फ्रूटी लूप्स’ जन्मले. तेच आजचे एफएल स्टुडिओ, आपल्याकडे नवशिक्यांत बहुधा सर्वाधिक लोकप्रिय. त्यातही उघडल्याबरोबर समोर येतात सोळा चौकोन. सोळा म्हणजे आपला त्रितालच की, असे वाटेल, पण इथले सोळा चौकोन म्हणजे चार मात्रांचे प्रत्येकी चार तुकडे. त्रितालाच्या सोळा मात्रा मांडायच्या तर असे चार पट्टे लागतील. आठ मात्रांचा केरवा दोन पट्ट्यांत बसतो. रूपकाच्या सात मात्रा, झपतालाच्या दहा, हींच किंवा दादऱ्याच्या सहा मात्रा या चौकटीत आपणहून बसत नाहीत. सेटिंग बदलले की बसतात, हे खरे. जाणकार ते बदलतो. नवशिक्या मात्र जे समोर दिसते त्यातच विचार करायला शिकतो, आणि सहा महिन्यांनी त्याच्या सगळ्या रचना चारच्या पटीत आलेल्या असतात.

मुंबईतच याचा एक बोलका दाखला आहे. चित्रपटसंगीतात वाद्यवादक म्हणून काम केलेल्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली हेच टीआर-८०८, त्याच्या जोडीला टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही यंत्रे घेऊन दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका केली. तेव्हा तिच्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाली, आणि पुढे पाश्चात्त्य देशांत जी शैली ‘अ‍ॅसिड हाउस’ म्हणून गाजली तिच्याशी असलेले या मुद्रिकेचे साम्य पाहून जगभरचे श्रोते थक्क झाले. मला या मुद्रिकेबद्दल मनापासून आदर आहे. पण ती ऐकताना एक गोष्ट स्पष्ट जाणवते. रागाच्या बाजूने यंत्राला वाकवता आले, कारण टीबी-३०३ वर एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरता येत होते. तालाच्या बाजूने यंत्र वाकले नाही. मुद्रिकेच्या नावातच डिस्कोचा ठेका आहे, आणि दहाही रागांखाली तोच चारचा ठोका चालत राहतो. इतक्या अनुभवी कलावंताला यंत्राची चौकट जिथे स्वीकारावी लागली, तिथे पंधरा वर्षांच्या मुलाकडून ती मोडण्याची अपेक्षा कशी करायची?

उलट बाजूने केलेला प्रयत्नही त्याच काळातला आहे. जिम किपेन हे संगीताचे अभ्यासक लखनौ घराण्याचे उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी बर्नार्ड बेल या संगणकतज्ज्ञाबरोबर ‘बोल प्रोसेसर’ तयार केले, तेही अ‍ॅपल टू या आजच्या मानाने अगदी दुबळ्या संगणकावर. त्यात चौकोन नव्हते. तबल्याचे बोल टंकित करायचे, कायद्याचा विस्तार कोणत्या नियमांनी होतो ते संगणकाला सांगायचे, मग संगणक नवे पलटे सुचवायचा आणि ते योग्य की अयोग्य याचा निवाडा उस्ताद करायचे. निवाड्यात नापास झाले की नियम दुरुस्त व्हायचे. सॉफ्टवेअरची रचना बोलापासून आणि आवर्तनापासून सुरू करता येते, त्यासाठी शक्तिशाली यंत्र लागत नाही, हे या प्रयोगाने चाळीस वर्षांपूर्वीच दाखवून दिले. नवशिक्याने बोल प्रोसेसरच वापरावे असे मी म्हणत नाही, ते अभ्यासकांचे साधन आहे. पण त्यामागचा क्रम घेण्यासारखा आहे. आधी बोल, मग नियम, मग यंत्र, आणि शेवटचा शब्द जाणत्या कानाचा.

आता आघाताकडे येऊ. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात आणि पुढे १९३४ मध्ये अधिक विस्ताराने दाखवून दिले की तबला-मृदंगाच्या पुडीवरची शाई ही शोभेची वस्तू नाही. साध्या ताणलेल्या चामड्यातून निघणारे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटीत नसतात, म्हणून तिथे नुसता आवाज ऐकू येतो, स्वर ऐकू येत नाही. शाईच्या वजनामुळे हे उपस्वर पूर्ण पटीत येतात आणि तबला काळी एक किंवा काळी चारमध्ये लावता येतो. याचा सॉफ्टवेअरच्या निवडीशी थेट संबंध आहे. किक ड्रमचा एकच ध्वनिनमुना घेऊन गाणे पुरे होते. दायाँच्या ‘ना’चा नमुना मात्र गाण्याच्या पट्टीत हलवता आला नाही तर तो बेसूर लागतो. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड एका नमुन्यात मावत नाही. हलका आणि जोरदार आघात यांतला फरक निव्वळ लहानमोठ्या आवाजाचा नसतो, नादाचा पोतच बदलतो. मिडीमध्ये आघाताच्या जोराच्या १२७ पायऱ्या आहेत खऱ्या, पण त्यांच्यामागे नमुना एकच असेल तर त्या १२७ पायऱ्यांवर एकच ध्वनी लहानमोठा होत राहतो. ढोलाचेही तेच. टिपरूचा घुमारा वेगळा, थापीचा वेगळा, आणि दोन्ही एकदम पडल्यावर येणारा नाद म्हणजे त्या दोघांची बेरीज नव्हे.

या सगळ्याचा विचार करून मी नवशिक्याला ‘हायड्रोजन’ हे सॉफ्टवेअर सुचवेन. ते मुक्त परवान्याखाली फुकट मिळते. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालते आणि कार्यालयातून निवृत्त झालेल्या जुन्या लॅपटॉपवरही त्याची तक्रार नसते. त्यात आवर्तनाची लांबी स्वतः ठरवता येते, सात मात्रांचा साचा सोळांच्या साच्याइतकाच सोपा. एका वाद्याखाली निरनिराळ्या जोराचे अनेक नमुने थरांत ठेवता येतात, म्हणजे हलकी थाप खरोखर हलक्या थापेसारखी वाजते. प्रत्येक आघाताची पट्टी बदलता येते. माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक आघात रेघेच्या किंचित अलीकडे किंवा पलीकडे सरकवता येतो. ढोलकीचा झोका याच सूक्ष्म अंतरांत असतो. बहुतेक सॉफ्टवेअरांत ‘स्विंग’ नावाची एक कळ असते, पण ती एकाआड एक आघात सारख्याच मापाने मागे ढकलते. ढोलकीवाला प्रत्येक बोल वेगळ्या मापाने मागेपुढे ठेवतो.

या सरकण्याचे महत्त्व ज्यांना पटत नाही त्यांनी पथकाचे साधे भौतिकशास्त्र पाहावे. ध्वनी हवेतून एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटर जातो. ताशावाला पुढे आणि शेवटच्या रांगेतला ढोल त्याच्यापासून दहा मीटरवर असेल, तर ताशाची तर्री त्या वादकाच्या कानापर्यंत जवळपास ३० मिलिसेकंद उशिरा पोचते. तो ते सावरून घेतो, कमीजास्त होते, आणि त्यातून जो भरीव आवाज उठतो त्यालाच आपण पथकाचा आवाज म्हणतो. संगणकात तीस ढोल एकाच रेघेवर नेमके ठेवले तर तीस ढोल ऐकू येत नाहीत, एक मोठा ढोल ऐकू येतो. सगळे आघात आपोआप रेघेवर ओढणारी ‘क्वांटाइझ’ची कळ नवशिक्याने पहिल्या दिवसापासून बंद ठेवावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.

हायड्रोजनच्या उणिवाही सांगायला हव्यात. त्याच्यासोबत येणारे आवाज म्हणजे एक रॉक ड्रमसेट आणि टीआर-८०८ ची नक्कल, म्हणजे आवाजांच्या बाबतीत तेही जुन्याच वाटेवरचे. त्यात गाणे ध्वनिमुद्रित करता येत नाही. डग्ग्याची सलग मींड काढता येत नाही. ती वेगवेगळ्या लांबीच्या घसाऱ्यांचे नमुने भरून जमेल तेवढी साधावी लागते. पण सोबतचे आवाज अपुरे असणे हीच नवशिक्यासाठी सोय ठरते, कारण त्यामुळे त्याला आपले आवाज स्वतः गोळा करावे लागतात. ऑडॅसिटी हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअरही फुकट आहे. मोबाइलवर टिपलेला डफाचा किंवा दिमडीचा आघात त्यात कापायचा, पुढची-मागची शांतता छाटायची आणि हायड्रोजनमध्ये भरायचा. हे करताना आघाताची सुरुवात कुठे होते, नाद किती वेळ टिकतो, बंद बोल खुल्या बोलाला कसा तोडतो, हे सगळे डोळ्यांनी दिसते. हजार तयार आवाजांतून एक निवडताना यातले काहीच शिकायला मिळत नाही.

बेंजो पथकातल्या मुलांना तर याहून सोपी वाट आहे, आणि ती फारशी कुणी वापरत नाही याचे मला वाईट वाटते. रोलँडचे पहिले ऑक्टोपॅड १९८५ साली आले. त्यात स्वतःचा असा एकही आवाज नव्हता. आठ पॅडवर पडलेला आघात मिडीच्या वाटेने दुसऱ्या यंत्राला कळवणे, एवढेच त्याचे काम. नंतरच्या ऑक्टोपॅडांत आवाज आले, पण मिडीची वाट कायम राहिली. म्हणजे पथकाचे ऑक्टोपॅड एका साध्या केबलने संगणकाला जोडले की त्यावर स्वतःचे नमुने वाजवता येतात आणि वाजवलेले आघात वेळेसकट नोंदले जातात. वर्षातले बरेच महिने हे वाद्य पिशवीत पडून असते. माउसने एकेक चौकोन भरण्यापेक्षा ज्या हाताला वाजवायची सवय आहे त्या हातानेच रचना करणे केव्हाही बरे.

यावर पहिला आक्षेप व्यवसायाचा येईल. उद्या स्टुडिओत काम करायचे तर तिथे क्यूबेस, लॉजिक, एफएल स्टुडिओ चालते, मग तेच का शिकू नये? शिकावे, पण नंतर. मिडीच्या फायलीचा प्रमाण नमुना १९८८ पासून आहे, त्यामुळे हायड्रोजनमधली रचना मिडी किंवा ध्वनिफाइल म्हणून काढून कुठल्याही स्टुडिओत नेता येते. त्यातली मेहनत वाया जात नाही. गाणे, हार्मोनियम, ढोलकी एकत्र बांधायची वेळ आली की रीपर हे सॉफ्टवेअर साठ दिवस वापरून पाहता येते आणि वैयक्तिक वापराचा त्याचा परवाना साठ डॉलरचा आहे. एफएल स्टुडिओबद्दलही न्यायाने बोलायला हवे. ते एकदा विकत घेतले की पुढच्या सर्व आवृत्त्या फुकट मिळतात, हा मोठा गुण आहे. पण त्याच्या चाचणी आवृत्तीत साठवलेले काम पुन्हा उघडून पुढे नेता येत नाही, आणि इथेच विद्यार्थी ‘क्रॅक’कडे वळतात. चोरलेल्या सॉफ्टवेअरची प्रत जाणूनबुजून वापरणे हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब खाली गुन्हा आहे. अशा प्रतींबरोबर संगणकात काय काय शिरते हे दुरुस्तीच्या दुकानात कुणीही सांगेल. त्याहून मला खुपते ते असे की ज्याला पुढे आपल्या रचनेचा मोबदला मिळावा असे वाटते, त्याने सुरुवात दुसऱ्याचा मोबदला बुडवून करावी.

दुसरा आक्षेप गुरुजनांचा, आणि तो मी अधिक गांभीर्याने घेतो. संगणकावर ताल लिहिणारा मुलगा रियाज सोडेल, हाताची मेहनत न करता दुगुण-चौगुण वाजल्याचे समाधान त्याला मिळेल, असे त्यांना वाटते. हा धोका खरा आहे. संगणकाला तीनशेच्या लयीतही दम लागत नाही, आणि अशक्य गोष्टी सहज वाजू लागल्या की कानाला शक्य-अशक्य यांतला भेद कळेनासा होतो. पण ताल लिहून ठेवण्याची परंपरा आपल्याकडे आहेच. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या तबल्याच्या परीक्षांत ठेका, कायदे, तुकडे लिहावेच लागतात. १९५६ साली संगीत महाभारतीची स्थापना करणारे आणि मुंबईत शिकवणारे पंडित निखिल घोष यांनी तर स्वतःची स्वरतालपद्धती तयार करून १९६८ मध्ये ग्रंथरूपाने मांडली. लिहिण्यामुळे त्यांच्या शिष्यांचा हात बिघडला नाही. संगणकावरची रचना म्हणजे लिहिता लिहिता ऐकू येणारी वही आहे, तिला वाद्याची जागा देऊ नये एवढेच. त्यासाठी एक नियम पुरेसा आहे. जे तोंडाने हातावर टाळी-खाली धरून म्हणता येत नाही, ते संगणकावर मांडायचे नाही. पढंत आधी ध्वनिमुद्रित करायची, मग तिच्या अंगाने आघात ठेवायचे. तिहाई समेवर येते की नाही हे पढंतीत कळते. चौकोन मोजून बसवलेली तिहाई गणिताने बरोबर असूनही कित्येकदा निर्जीव वाटते.

मोबाइलवरच सगळे करावे का, या प्रश्नाला थोडक्यात उत्तर पुरे. आवाज टिपायला मोबाइल उत्तम, आयफोन असेल तर गॅरेजबँडही फुकट आहे. पण संपूर्ण आवर्तन आणि त्यातला प्रत्येक आघात एका नजरेत दिसायचा तर मोठा पडदा लागतो, आणि अनेक अँड्रॉइड फोनांवर बोट टेकल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर जाणवण्याइतका असतो. तयार लूपवर रचना करण्याबद्दल बोलायचे तर लूपमध्ये आवर्तन, जोर, झोका हे सगळे निर्णय दुसऱ्याने आधीच घेतलेले असतात. जाहिरातीसाठी घाईच्या कामात ते ठीक, शिकणाऱ्याला त्यातून मिळण्यासारखे फार थोडे.

राहिला प्रश्न आवाजांचा, आणि इथे जबाबदारी एकट्या विद्यार्थ्याची नाही. गणेश मंडळे, भजनी मंडळे, नवरात्र मंडळे दरवर्षी वाद्यपथकांवर खर्च करतात. त्यातला लहानसा वाटा बाजूला काढून घाटकोपरच्या मंडळांनी आपल्या वाद्यांचा एक मुक्त ध्वनिसंच करावा. ढोल, ताशा, झांज, ढोलकी, दिमडी, पखवाज आणि गरब्याचा ढोल यांचा प्रत्येक बोल हलका, मध्यम, जोरदार अशा तीन जोरांत आणि प्रत्येक जोरात चार-पाच वेळा टिपावा, म्हणजे यंत्राला तोच तो आघात पुन्हापुन्हा वाजवावा लागणार नाही. वादकाला त्या दिवसाचे मानधन द्यावे, संचात त्याचे नाव नोंदवावे आणि त्याची लेखी संमती घेऊनच तो क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सर्वांना खुला करावा. महाविद्यालयांत ध्वनिमुद्रणाच्या खोल्या आहेत, तिथल्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून हे काम देता येईल. वेळ मात्र नीट निवडावी लागेल. पथकांचा सराव पावसाळ्यात सुरू होतो, पण त्या दमट हवेत चामड्याचे पान सैल पडते आणि ढोल मंद बोलतो. ताशाची आणि फायबरच्या पानाच्या ढोलांची नोंद तेव्हा करता येईल. चामड्याच्या वाद्यांसाठी दिवाळीनंतरची कोरडी हवा बरी, आणि तेव्हा वादकही मोकळे असतात.